तळ्यांच्या मुलखात मे महिना

निघण्याआधी

सह्याद्रीत चालणाऱ्या माणसाला हंगाम ठरवायला फार डोकं लावावं लागत नाही. जून ते सप्टेंबर भिजायचं, सप्टेंबरअखेर सोनकी बघायची, थंडीत लांबचे ट्रेक उरकायचे आणि मार्चनंतर पहाटे चढून ऊन तापायच्या आत खाली यायचं. इंग्लंडच्या वायव्येला कंब्रियात लेक डिस्ट्रिक्ट आहे, तिथे हा हिशेब चालत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. लेक डिस्ट्रिक्टमधलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत जास्त पावसाचं गाव. तिथे 3,300 मिलिमीटरच्या वर पडतो, आणि तो बाराही महिने वाटून घेतलेला. म्हणजे पाऊस कधी नसतो, हा प्रश्नच बाद.

कमी कधी असतो, असं विचारलं तर मात्र उत्तर आहे. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला भाग हे त्यातल्या त्यात कोरडे. जुलै-ऑगस्ट उबदार खरे, पण पाऊस पुन्हा वाढलेला असतो. ऑक्टोबर ते जानेवारी सगळ्यांत ओले. मी मात्र तापमान आणि पाऊस यांच्या आधी उजेड बघितला. हा भाग 54 अंश उत्तरेच्याही वर आहे. डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम साडेसात तासांचा, जूनच्या अखेरीस 17 तासांचा. पन्नाशी उलटलेल्या आणि सावकाश चालणाऱ्या माझ्यासारखीला हा फरक दोन-चार अंशांच्या फरकापेक्षा फार मोठा. पाऊस आला तर दोन तास आडोशाला बसता येतं. अंधार आला तर नाही.

माझी भाची बरीच वर्षं मँचेस्टरला आहे आणि शनिवार-रविवार या डोंगरांत असते. तिचं मत ऑक्टोबरचं. "मावशी, ऑगस्टमध्ये तर येऊच नकोस. नेचे छातीपर्यंत वाढतात, वाट दिसत नाही, आणि त्यात गोचिड्या. ऑक्टोबरमध्ये तेच नेचे तांब्यासारखे लाल होतात. ते बघ." मी म्हटलं, मेमध्ये नेचे जमिनीतून नुकते वर येत असतात, म्हणजे वाटही दिसणार. शिवाय मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला असतो, हे एक कारण पुरेसं होतं.

ग्रासमिअर आणि रायडल इथे जन्म काढलेल्या कवी विल्यम वर्डस्वर्थने या भागाचं एक मार्गदर्शक पुस्तकही लिहिलं. 1810 मध्ये तो मजकूर पहिल्यांदा छापला गेला तेव्हा त्यावर त्याचं नावही नव्हतं. पुढच्या आवृत्त्यांत त्याने नेमका हाच प्रश्न घेतला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रंगांची तो भरभरून तारीफ करतो, आणि मग म्हणतो की लांब दिवस, बरी हवा आणि विविधता असा तिन्हींचा मेळ हवा असेल तर मेच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत यावं. भाचीने त्याचं पहिलं वाक्य धरलं, मी दुसरं. तिकीट माझं असल्यामुळे माझं चाललं.

तारखा ठरवताना तिने एक गोष्ट पक्की सांगितली. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इंग्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि तो आख्खा आठवडा शाळाही बंद. त्याच्या आत बाहेर पडायचं. खोल्यांचे भाव त्या एका शनिवारपासून कसे चढतात ते तिने मला फोनवर दाखवलंही.

शनिवार : विंडरमिअर, ग्रासमिअर

मँचेस्टरहून ऑक्सनहोमला गाडी बदलून विंडरमिअरला दोनेक तासांत पोचलो. हा रेल्वेचा फाटा 1847 मध्ये सुरू झाला. तो होऊ नये म्हणून वर्डस्वर्थने वर्तमानपत्रात पत्रं लिहिली होती, गिरण्यांच्या गावांतून लोकांचे लोंढे येतील म्हणून. लोंढे आले. आज वर्षाला दीड कोटीहून जास्त लोक इथे येतात, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत राहणारे आहेत साधारण चाळीस हजार.

विंडरमिअर हे इंग्लंडमधलं सर्वांत मोठं नैसर्गिक तळं, सतरा किलोमीटर लांब. काठावरचं बोनेस गाव बोटी, आइस्क्रीम आणि गर्दीचं. आम्ही तिथे थांबलो नाही. स्टेशनबाहेरून 555 नंबरची बस धरली. चालायला येणाऱ्याने हा नंबर लक्षात ठेवावा. लँकेस्टरपासून केझिकपर्यंत ती मुलखाच्या मधोमध दक्षिणोत्तर जाते आणि बाराही महिने चालते. डोंगरातल्या आडवाटांच्या बऱ्याच बस फक्त ईस्टर ते ऑक्टोबर असतात. गाडी नसणाऱ्यांचा हंगाम हवामानाइतकाच वेळापत्रकाने ठरतो.

ग्रासमिअरला खोलीत सामान टाकून रात्री आठला बाहेर पडलो तर ऊन होतं. सूर्य मावळला सव्वानऊनंतर आणि वाचता येईल एवढा उजेड दहापर्यंत टिकला. एक मात्र आहे. उजेड कितीही असो, पबचं स्वयंपाकघर साडेआठला बंद होतं. आम्ही तळ्याला अर्धी चक्कर मारून आलो आणि खोलीत दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली.

रविवार : रायडल

ग्रासमिअरहून रायडलला जायची एक जुनी वाट आहे. पूर्वी आसपासच्या वस्त्यांना स्वतःचं दफनाचं चर्च नव्हतं, तेव्हा याच वाटेने मयत ग्रासमिअरच्या सेंट ओसवाल्ड चर्चला आणत. शवपेटी टेकवायचे सपाट दगड अजून वाटेवर आहेत. आता त्यांवर लोक बसून थर्मासमधला चहा पितात, आम्हीही प्यायलो. वाट जंगलातून, गडग्यांच्या कडेने जाते. हे गडगे आपल्या कोकणातल्यासारखेच, चुना-सिमेंट काही नाही, नुसते दगडावर दगड. फक्त इथे ते डोंगराच्या माथ्यापर्यंत चढतात.

वाटेत एका जोडप्याने विचारलं, डॅफोडिल्स कुठे दिसतील? पाचसहा आठवड्यांपूर्वी, असं उत्तर द्यायचा मोह झाला. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत त्या फुलांवरची वर्डस्वर्थची कविता पाठ केली आहे, त्यामुळे हा भाग म्हणजे डॅफोडिल्स हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी यांना ती फुलं दिसली 15 एप्रिल 1802 रोजी, आणि तीही इथे नाही, अल्सवॉटरच्या काठी. डोरोथीच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. फुलांसाठीच यायचं असेल तर मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य. त्या वेळी झाडं मात्र उघडीबोडकी असतात आणि उंच माथ्यांवर बर्फ असू शकतो. मेमध्ये जंगलाच्या तळाशी निळी ब्लूबेल्स, रानलसणाची पांढरी फुलं, आणि ओकच्या झाडांना कोवळी, पिवळसर हिरवी पालवी. मला डॅफोडिल्सची आठवणही झाली नाही, हे खरं तर त्या जोडप्याला सांगायला हवं होतं.

रायडलचं तळं छोटं. पलीकडच्या चढावर पाटीच्या दगडाची जुनी खाण आहे, तिची आता मोठी गुहा झालीय आणि आत गुडघाभर स्वच्छ पाणी. तिथून लॉफरिग डोंगराच्या कडेने आडवी वाट ग्रासमिअर तळ्याच्या वर येते. इथून खाली बघितलं की तळं, त्यातलं एकुलतं बेट आणि गाव एका नजरेत येतं. चढ फारसा नाही. पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला याहून चांगली वाट मला ठाऊक नाही.

कोकरांचा हंगामही हाच. इथली हर्डविक जातीची मेंढी डोंगरावरच वाढणारी, म्हणून तिची वीण सखल भागातल्या मेंढ्यांपेक्षा उशिरा, एप्रिल-मेमध्ये होते. कोकरं जन्मतात काळी कुळकुळीत, वय वाढेल तशी करडी होतात आणि तोंड पांढरं. पांढऱ्या तोंडाच्या आईमागे काळं पिल्लू हे दृश्य ऑक्टोबरमध्ये मिळत नाही, असं मी भाचीला मुद्दाम दोनदा सांगितलं. ही जात टिकवण्यात बिएट्रिक्स पॉटरचा मोठा हात आहे. मुलांच्या पुस्तकांच्या पैशांतून तिने इथली शेतं एकेक करून विकत घेतली आणि 1943 मध्ये गेली तेव्हा चौदा शेतं आणि चार हजार एकरांवर जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला ठेवून गेली. त्यांवर हर्डविकच पाळाव्यात, ही तिची इच्छा होती.

सोमवार : हेल्म क्रॅग

405 मीटरचा डोंगर, गावातूनच चढ. माथ्यावरचे खडक खालून सिंह आणि कोकरू असे दिसतात म्हणे. मला कोकरू दिसलं, सिंह भाचीला दिसला. वारा एवढा की टोपी हातात धरून बसलो. खाली गावात 18 अंश होते आणि वर सगळे थर अंगावर. उंचीबरोबर दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात, त्यात वाऱ्याची भर. मे असला तरी कानटोपी आणि हातमोजे सॅकेत ठेवायचेच.

संध्याकाळी चर्चशेजारच्या दुकानातून आल्याची बिस्किटं घेतली. 1854 पासून एकाच छोट्या घरात, जुन्या शाळेच्या खोलीत, ती बनतात. कडक आणि झणझणीत, चहात बुडवून उत्तम.

मंगळवार : थर्लमिअर ओलांडून केझिक

पुन्हा 555. ग्रासमिअर सोडलं की बस डनमेल रेझची खिंड चढते आणि पलीकडे थर्लमिअरच्या काठाने उतरते. डिसेंबर 2015 मध्ये डेस्मंड नावाच्या वादळात हा रस्ता वाहून गेला आणि पुढच्या मेपर्यंत बंद होता. त्या वेळी इथून जवळच्या हॉनिस्टर खिंडीत 24 तासांत 341.4 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तो ब्रिटनमधला विक्रम. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, हे माहीत असलेल्या आपल्याला तो आकडा किरकोळ वाटतो. पण इथली माती हिवाळ्यात आधीच तुडुंब भरलेली असते, वाफ होऊन काही जात नाही, आणि उतार उघडे. थोड्या पावसातही दरडी सुटतात. हिवाळ्यात यायचं की नाही, याचं हे एक उत्तर. दुसरं उत्तर हेल्वेलिनच्या माथ्यावर मिळतं. हिवाळ्यात दररोज एक अनुभवी माणूस त्या 950 मीटरवर चढून बर्फ आणि वाऱ्याची नोंद घेतो आणि ती लोकांसाठी प्रसिद्ध होते. तो अहवाल वाचून ज्याला बर्फकुऱ्हाड आणि बुटांचे खिळे आठवतात, त्याच्यासाठी जानेवारी उत्तम. माझ्यासाठी नाही.

थर्लमिअर हे मुळात दोन लहान तळ्यांच्या जागी धरण बांधून केलेलं पाणी. मँचेस्टरला पाणी कमी पडायला लागलं तेव्हा तिथल्या महापालिकेने 1879 मध्ये कायदा करून घेतला, धरण बांधलं आणि 1894 मध्ये दीडशे किलोमीटरहून लांब मार्गाने, बहुतेक नुसत्या उताराच्या जोरावर, पाणी शहरात नेलं. लोकांनी विरोधाला संघटना काढली होती, चालली नाही. विदबर्न आणि आर्मबॉथ या वस्त्या पाण्याखाली गेल्या, विदबर्नचं चर्च तेवढं काठावर उरलंय. पुण्याच्या माणसाला इथे मुळशी आठवणारच, तिथेही विजेच्या धरणासाठी गावं बुडाली. "तुझ्या नळाचं पाणी हे," मी म्हटलं. भाचीला ठाऊक होतं. "आणि तुझ्या लहानपणी लाइट कुठून यायची गं?" असं तिने उलट विचारलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघायला लागले.

केझिकला दुपारी पोचलो. मुक्कामासाठी मी याच गावाला जास्त मार्क देईन. तळं पाच-दहा मिनिटांवर, चारी दिशांना बस, किराणा आणि बुटांची दुकानं भरपूर, आणि पाठीशी 931 मीटरचा स्किडॉ. संध्याकाळी सातला जेवून कॅसलरिगचं दगडांचं वर्तुळ बघायला चढून गेलो. साधारण पाच हजार वर्षांपूर्वीचं, चाळीसेक दगड, तिकीट नाही आणि कुंपणही म्हणावं असं नाही. मेंढ्या दगडांना पाठ घासत होत्या. परत आलो तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि टॉर्च काढावी लागली नाही.

बुधवार : कॅटबेल्स

या एका दिवसासाठी मी अंदाज तीन वेळा बघितला होता. खालच्या गावाचा नाही, डोंगरांसाठी वेगळा निघतो तो, ज्यात ढगाची पातळी आणि माथ्यावरचा वारा देतात. दुपारी दोनपर्यंत ढग वर, असं म्हणत होता, म्हणून पहिलीच लाँच धरली.

डरवेंटवॉटर तळ्यावर लाँच गोल फिरतात, काही सुलट, काही उलट, आणि वाटेत लाकडी धक्के आहेत. एका धक्क्यावर उतरायचं, चालायचं, दुसऱ्यावरून परतीची बोट घ्यायची. सबंध फेरी पाऊण-एक तासाची. हिवाळ्यात फेऱ्या मोजक्याच असतात. हॉज एंडला उतरलो आणि समोर कॅटबेल्सची सोंड. उंची फक्त 451 मीटर, आपल्याकडे एवढ्याला टेकडी म्हणतील. पण सुरुवात तळ्याच्या पातळीवरून, आणि सोंडेच्या दोन्ही अंगांना मोकळं, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच उंचीवर आल्याचा भास होतो. मध्ये एक आणि माथ्याच्या अलीकडे एक असे दोन छोटे रॉक पॅच आहेत. हात लावावे लागतात. हजारो बुटांनी दगड गुळगुळीत झालाय, आणि ओला असता तर मी तिथूनच मागे फिरले असते. पुढे एक आजोबा दोन काठ्या एका हातात धरून बसत बसत उतरत होते. त्यांनी वाट दिली, मग मी त्यांना दिली, मग दोघांनीही एकमेकांना, आणि मागे रांग लागली. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, चढ आता, इथे असंच चालतं, कुणीतरी उद्धट व्हावं लागतं."

माथ्यावरून उत्तरेला केझिक आणि त्यामागे स्किडॉ, पूर्वेला खाली तळं आणि त्यातली जंगलाने भरलेली बेटं, पश्चिमेला न्यूलँड्सची मोकळी दरी, दक्षिणेला बॉरोडेलचा अरुंद घसा आणि त्यामागे उंच डोंगर, त्यात कुठेतरी स्कॅफेल पाइक, 978 मीटर, इंग्लंडमधलं सर्वांत उंच. दरीतल्या नेच्यांचे कोंब नुकते मुठी उघडत होते. गेल्या वर्षीचा वाळलेला तांबूस थर अजून उतारांवर होता आणि त्यातून नवं हिरवं वर येत होतं, म्हणजे ऑक्टोबरचा थोडा रंग मेमध्येही शिल्लक असतो. हे भाचीने दाखवलं आणि स्वतःच्या बाजूचा मुद्दा म्हणून दाखवलं. मी तो माझ्या बाजूला जमा केला. नेच्याला रंग देणारी थंडी आणि वाट मोकळी ठेवणारा वसंत एकाच डोंगरावर बघायचे, तर हेच पंधरा-वीस दिवस. जूनच्या अखेरीस सगळं एकसारखं हिरवं होतं, आणि मग सप्टेंबरपर्यंत तसंच राहतं. फोटोत ते छान दिसतं, चालताना कंटाळवाणं.

उतरताना दगडी पायऱ्यांची वाट. लोकांच्या पायांनी उतार झिजून ओघळी पडतात, म्हणून स्वयंसेवक आणि कामगार मिळून मोठे दगड रोवून वाटा बांधतात. डोंगराला चांगलं, गुडघ्यांना कठीण. दोन्ही काठ्या पुढे टेकवत आले. खाली ब्रॅंडलहाऊचं जंगल लागलं. 1902 मध्ये लोकवर्गणीतून घेतलेली ही नॅशनल ट्रस्टची लेक डिस्ट्रिक्टमधली पहिली जमीन. ट्रस्टच्या तीन संस्थापकांपैकी एक, कॅनन रॉन्स्ले, केझिकच्याच क्रॉस्थवेट चर्चचा पाद्री होता. तळ्याकाठच्या श्रीमंतांच्या जागांमुळे लोकांना पाण्यापर्यंत जाता येत नाही, ही त्याची तक्रार होती. आज काठाकाठाने सोळा किलोमीटरची प्रदक्षिणा घालता येते.

कोकीळ, म्हणजे त्यांचा कुकू, जंगलात दिवसभर बोलत होता. तो एप्रिलअखेर येतो आणि जूननंतर गप्प होतो. धक्क्यावर बोटीची वाट बघताना मी पाय पाण्यात घातले आणि लगेच काढले. मेमध्ये हवा बरी असते, पाणी नाही. पोहायचं असेल त्यांनी ऑगस्टचीच गर्दी सोसावी.

दोनला ढग आले. अडीचला भुरभुर सुरू झाली.

गुरुवार : सीथवेट

रात्रभर पडला. सकाळी खानावळीच्या मालकीणबाईंनी पावसाबद्दल चकार शब्द काढला नाही, हे मला आवडलं. पुण्यात मी असते तर कांदाभजी मागितली असती.

पाऊसच बघायचा तर राजधानीत जाऊन, असं ठरवून 78 नंबरच्या बसने बॉरोडेलच्या टोकाला सीटोलरपर्यंत गेलो आणि तिथून चालत सीथवेटला. गाव कसलं, शेतकऱ्याची चार दगडी घरं आणि गोठे. अटलांटिकवरून आलेली दमट हवा आयरिश समुद्र ओलांडून येते, हे डोंगर तिला वर ढकलतात आणि ती इथे रिकामी होते. केझिक इथून जेमतेम चौदा किलोमीटर, पण तिथला पाऊस निम्म्याहूनही कमी, वर्षाला 1,500 मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वर आणि वाई यांचं जे नातं, तेच. म्हणून पावसाच्या दिवशी इथल्या लोकांचा सल्ला असतो, पूर्वेला किंवा उत्तरेला सरका. मधल्या डोंगरांत ओतत असताना पेनरिथला ऊन असू शकतं.

आम्ही न सरकता स्टॉकली ब्रिजपर्यंत गेलो. घोड्यांच्या पाठीवरून माल न्यायच्या काळातली ही छोटी दगडी कमान. खाली पाणी इतकं जोरात की बोलणं ऐकू येत नव्हतं. डोंगराच्या कुशीतून जिथे तिथे पांढरे ओहोळ सुटलेले, आणि हा त्यांचा कोरड्या हंगामातला दिवस! सह्याद्रीतल्या पावसाशी तुलना केली तर थेंब बारीक, पण बोचरा आणि आडवा. आपला पाऊस अंगावर घ्यायला मजा येते, कारण हवा उबदार असते. इथे 9 अंशांत भिजणं म्हणजे आजारपण. पॉन्चो किंवा छत्री निरुपयोगी. चांगला रेनकोट, वरून घालायची वॉटरप्रूफ पँट, आणि सॅकेच्या आत प्लॅस्टिकची पिशवी, एवढ्यावर पैसे घालावेत.

याच सीथवेटच्या डोंगरात सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइट सापडलं. आधी ते मेंढ्यांवर खुणा करायला वापरलं, मग तोफगोळ्यांच्या साच्यांना, आणि त्यातून केझिकचा पेन्सिलीचा धंदा उभा राहिला. दुपारी ओले बूट घेऊन केझिकच्या पेन्सिल संग्रहालयात शिरलो. जवळजवळ आठ मीटर लांबीची एक रंगीत पेन्सिल आहे. शाळेच्या मुलांसारखा मी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. आत आणखी निम्मं गाव ओल्या रेनकोटांत उभं होतं.

शुक्रवार : बटरमिअर

धुऊन निघालेली हवा आणि निळं आकाश. 77 नंबरची बस व्हिनलॅटरच्या जंगलातून बटरमिअरला उतरते आणि हॉनिस्टरवरून परत येते. फक्त हंगामात धावणारी, आणि डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की चालकाचं कसब बघण्यासारखं. उजव्या बाजूच्या खिडक्यांवरून लोक भांडत नाहीत, पण आधी येऊन उभे राहतात.

बटरमिअर तळ्याची प्रदक्षिणा सातेक किलोमीटरची, जवळजवळ सपाट. एका बाजूला ओकचं जंगल, टोकाला हेस्टॅक्सचा खडकाळ माथा, दुसऱ्या बाजूला वाट एका ठिकाणी खडकात खोदलेल्या छोट्या बोगद्यातून जाते. ज्यांना चढ नको, ज्यांच्याबरोबर आईवडील आहेत, त्यांनी या तळ्याला एक दिवस द्यावा. मला वाटलं त्याहून ते शांत निघालं. गर्दी सगळी चहाच्या दुकानांशी.

दुपारी शेजारच्या क्रमॉक वॉटरच्या काठी रॅनरडेलला गेलो. ही दरी ब्लूबेल्ससाठी प्रसिद्ध, आणि नवल म्हणजे ती इथे जंगलात नसून उघड्या उतारावर फुलतात. आम्हाला मिळाली ती उतरणीला लागलेली, निळ्यात पांढुरका करडेपणा आलेला. ऐन बहर एप्रिलअखेर ते मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. सोनकीचं होतं तसंच, आठवडा चुकला की चुकलं. कोवळे नेचे वर आलेच होते, अजून पंधरा दिवसांत ते सगळं झाकणार. वाटेच्या दोन्ही कडांना दोर लावलेत, फुलांत शिरू नये म्हणून. तरी दोघीजणी आत बसून फोटो काढत होत्या.

शनिवार : अल्सवॉटर, पेनरिथ

सॅक पाठीवर घेऊनच निघालो. अल्सवॉटर हे दुसऱ्या क्रमांकाचं मोठं तळं, बारा किलोमीटर लांब आणि दोनदा वळलेलं, त्यामुळे एका टोकावरून दुसरं दिसत नाही. ग्लेनरिडिंगहून बोटीने हाऊटाउनला जायचं आणि काठाच्या वरून दहा-अकरा किलोमीटर चालत परत यायचं, अशी ही ठरलेली वाट. आधी बोट, मग चाल, हा क्रम बरा. उलटं केलं तर शेवटच्या बोटीची धाकधूक राहते. इथल्या बोटी 1859 पासून चालतात आणि त्यातली एक 1877 ची आहे.

वाट खालीवर, बर्चच्या झाडांतून, पलीकडच्या काठावर ग्लेनकोइनची खाडी दिसत राहते, तीच ती डॅफोडिल्सची. वाटेत बसून केंडलची पुदिन्याची वडी खाल्ली. पेपरमिंटच्या गोळ्या वितळवून थापल्या तर लागेल तशी. 1953 मध्ये एव्हरेस्टवर हीच नेली होती, हे वेष्टनावर अभिमानाने छापलेलं.

ग्लेनरिडिंगला परतलो तेव्हा सुट्टीचा आठवडा लागला होता. गाडीतळ भरून रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, बोटीच्या तिकिटांना रांग, आणि हॉटेलच्या पाटीवर खोल्या नाहीत असं लिहिलेलं. पेनरिथहून येणाऱ्या बसमधून माणसं उतरतच होती, जाणारी बस मात्र निम्मी रिकामी. भाचीने काही न बोलता माझ्याकडे बघितलं. तारखांचं श्रेय तिला द्यायलाच हवं होतं, दिलं.

पेनरिथच्या फलाटावर तिने फोन काढला. ऑक्टोबरची शेवटची शनिवार-रविवार नको, तेव्हा इथल्या शाळांना पुन्हा आठवडाभर सुट्टी आणि त्याच सुमारास घड्याळही तासभर मागे जातं, पाच वाजता अंधार. मग पहिला पंधरवडा. तेव्हा अकरा तास उजेड, 77 चालू असते, आणि नेचे लाल. केझिकची तीच खोली तिने शोधलीसुद्धा आणि माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, थांब जरा, घटस्थापना कधी आहे ते आधी बघू दे, घट बसले की नऊ दिवस मला घर सोडता येत नाही.